एका ओळीचा वादक

इब्रामपूरहून आलेलं ते पत्र कृष्णनाथांनी जुन्या पोर्तुगीज शब्दकोशात ठेवलं होतं. घरातल्या सगळ्या पुस्तकांत तेच एक असं होतं, की ज्याला हात लावायची वेळ वर्षानुवर्षं येत नसे. पत्र येऊन दहा महिने झाले होते. त्यांनी ते दोनदाच वाचलं होतं. दोन्ही वेळा ते उत्तर लिहायला बसले, पण 'सप्रेम नमस्कार' या दोन शब्दांपुढे काही गेले नाहीत. तरीही सबंध पत्र त्यांना पाठ होतं. नको असलेल्या गोष्टी माणसाला फार लवकर पाठ होतात.

'रा. रा. कृष्णनाथ मास्तर यांस,' असं शाळकरी, गोल अक्षरात सुरू होत होतं. 'पत्र नात सायली हिच्याकडून लिहवून घेत आहे, कारण उजवा हात अजून ऐकत नाही. आमची पेटी तुमच्याकडे बरी असेल. सायलीने यंदा पेटी शिकायला घेतली आहे. येत्या पौषात जत्रेला गावात पुष्कळ वर्षांनी संगीत नाटक उभं राहत आहे. एका दिवसापुरती पेटी आणाल का? टेम्पो मी पाठवतो. तुम्हीही यावं, नांदीला तुम्हीच बसावं. पेटी तुमच्या घरात वाजते आहे, हे मनात आलं की मला बरी झोप लागते.'

खाली डाव्या हाताने केलेली वेडीवाकडी सही होती. अनंत.

पौष आला आणि गेला. नाटक झालं असेल, कुठून तरी भाड्याची पेटी आणली असेल. आता दसरा उलटला होता.

कृष्णनाथ डिचोलीच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. पुस्तक आठ दिवस उशिरा आलं की ते वाचकाच्या घरी कार्ड टाकत. त्यावरून त्यांची बायको विमलाबाई त्यांना अधूनमधून टोचत.

"लोकांना कार्डं टाकून टाकून हैराण केलंत जन्मभर," त्या म्हणत, "आता तुमच्याकडचं थकलंय, तर तुम्हाला कोणी कार्ड टाकायचं?"

त्यांना एवढंच ठाऊक होतं की कुणाच्या तरी पत्राचं उत्तर राहिलं आहे. का राहिलं, ते कृष्णनाथांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. इब्रामपूरच्या अनंत मास्तरांची पायपेटी त्यांच्या घरात वाजत नव्हती. ती त्यांच्या घरात कधी आलीच नव्हती.

ही सगळी गोष्ट सुरू झाली ती निहारच्या दुकानापासून. निहार हा कृष्णनाथांचा पुतण्या. वडिलांमागे वाद्यांचं दुकान त्याच्याकडे आलं. तंबोरे, सतारी, पेट्या, सगळा माल उत्तम कारागिरांचा आणि म्हणून महाग. वाजवणारे लोक यायचे, तारा छेडायचे, तासभर मनसोक्त वाजवायचे, चहा प्यायचे आणि "पुढच्या वर्षी बघू" म्हणून जायचे.

"काका, वाजवणाऱ्याकडे आधीच एक पेटी असते," निहार एकदा म्हणाला. "ती मोडेपर्यंत तो दुसरी घेत नाही. आणि आमच्या पेट्या मोडत नाहीत, हेच तर आमचं दुखणं. गिऱ्हाईक पाहिजे ते न वाजवणारं."

न वाजवणारी माणसं त्या सुमाराला पेडण्याच्या बाजूला भराभर येत होती. विमानतळ झाला आणि आजूबाजूच्या डोंगरउतारांवर पुण्या-मुंबईच्या, दिल्लीच्या लोकांचे बंगले उठले. निहारने दुकान तिकडे हलवलं. माल तोच ठेवला, विकायची तऱ्हा मात्र सगळी बदलली. तंबोरा भिंतीला टेकवून ठेवणं बंद झालं. तो काळ्या कापडावर, वरून एकच दिवा सोडून, देवघरातल्या मूर्तीसारखा उभा राहिला. प्रत्येक वाद्याची जन्मपत्रिका निघाली: लाकूड कुठलं, भोपळा कुठल्या मळ्यातला, पहिला सूर कोणत्या दिवशी लावला. वाद्य घरी पोचवायला गड्याबरोबर एक वादक जायचा आणि नव्या दिवाणखान्यात अर्धा तास वाजवून यायचा. वर्षाने वाद्याचा वाढदिवस. त्या दिवशी कारागीर जाऊन सूर लावून द्यायचा आणि घरची मंडळी पाहुणे बोलवायची.

या सगळ्यावर कडी म्हणजे कुळकथा. हातकागदावर छापलेलं, चौकटीत बसवलेलं एक पान वाद्याबरोबर जायचं. त्यात त्या वाद्याची गोष्ट असायची. ही पानं लिहायचं काम निहारने काकांना दिलं. दुकानातली सिद्धी नावाची मुलगी त्यांचं इंग्रजी करायची आणि दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापले जायचे.

कृष्णनाथांनी तरुणपणी दोन कथा मासिकांना पाठवल्या होत्या. दोन्ही साभार परत आल्या. तिसरी त्यांनी लिहिली, पण पाठवली नाही. सत्तरीत पहिल्यांदा त्यांचा मजकूर छापला गेला, तोही चौकटीत! लोक तो भिंतीवर लावतात, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला सांगतात, हे ऐकून ते संकोचाने मान खाली घालत आणि घरी येईपर्यंत मनातल्या मनात तेच ऐकत राहत.

अशात निहारला इब्रामपूरच्या पायपेटीची खबर लागली. जुन्या संगीत नाटकांतली ती उंच पेटी. पायाने भाता मारायचा, दोन्ही हात वाजवायला मोकळे. अशी पेटी आता सहसा मिळत नाही. निहार काकांना घेऊन तिथे गेला.

अनंत मास्तर बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, कदेलीत पाठ टेकून बसले होते. चाळीस वर्षं जत्रेच्या नाटकांना त्यांनी साथ केली होती. दोन वर्षांपूर्वी अंगावरून वारं गेलं आणि उजव्या हाताची बोटं गेली. निहारने काय ते सांगितलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाजयता कोण?"

निहार पेटीकडे बघू लागला.

"आमच्या घराची एक रीत आसा," मास्तर म्हणाले. "पेटी घरातसून भायर काडताना, व्हरपी मनशान ती वाजवची. वाजवंक येना, ताका पेटी ना. माज्या बापायन अशीच घेतली, हांवय अशीच दितलों." म्हणजे पेटी नेणाऱ्याने आधी ती वाजवून दाखवायची.

त्यांची बायको वत्सलाबाई दारातून म्हणाल्या, "सकाळी दोगे येवन गेले. एकान शिटी मारून दाखयली. म्हणटा, सूर बरो आसा मगो! हाणीं ताका हाकलूनच घातलो."

सगळे हसले. तेवढ्यात निहार म्हणाला, "आमच्या काकांना येते की!"

हे पूर्ण खोटं नव्हतं. कृष्णनाथांचं लहानपण कारापूरला गेलं. तिथल्या देवळात बाबाजी नावाचे पेटीवाले होते. भजनाआधी ते पोरांना पेटीला हात लावू देत. त्यांनी कृष्णनाथांना भूप रागातली एक ओळ शिकवली होती. एकच. पुढची शिकायच्या आत बाबाजी वास्कोला मुलाकडे राहायला गेले. पण ती ओळ साठ वर्षं कृष्णनाथांच्या बोटांत तशीच राहिली होती.

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि सगळे बघू लागले की कृष्णनाथांना नाही म्हणणं कधीच जमत नसे. त्यांनी चपला काढल्या, पाय भात्यावर ठेवला आणि ती ओळ वाजवली. मग तीच पुन्हा वाजवली, जरा सावकाश. मग थांबले, जणू पुढचं वाजवायचा मोह आवरत आहेत.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "हात कमी फिरला," ते म्हणाले, "पूण सूर पोटांतलो आसा. मास्तर, पेटी हांव तुमकां दितां. ह्या पोराक न्हय, तुमकां."

वत्सलाबाईंनी पेटीला हळदकुंकू लावलं, वर नारळ ठेवला. निहारने मोबाइलवर एक फोटो काढला: पांढऱ्या सदऱ्यातले मास्तर, डावा हात पेटीच्या पट्ट्यांवर. निघताना मास्तरांनी पत्ता मागितला आणि कृष्णनाथांनी तो दिला. जन्मभराच्या सवयीने खरा दिला.

परतीच्या वाटेवर निहार खुशीत होता. "काका, एका ओळीत माणूस जिंकलात तुम्ही! मला एक सुचतंय." आणि पुढच्या महिन्यात दुकानात नवी सोय निघाली, 'एक ओळ'. पेटी घेणाऱ्याला तीन दिवसांत फक्त एक ओळ शिकवायची. पाहुण्यांसमोर बसावं, ओळ वाजवावी, थांबावं आणि किंचित हसावं. या सोयीवर सहा पेट्या गेल्या. कृष्णनाथांना त्यातलं ते थांबणं शिकवताना बघवत नसे. ते उठून मागच्या जनेलापाशी जाऊन बाहेर बघत उभे राहत.

पेटी त्यांच्या घरी आली नाही. ती दुकानात काळ्या कापडावर उभी राहिली आणि तिची कुळकथा लिहायची वेळ आली. कृष्णनाथांनी घडलं तसं लिहिलं: मास्तर, जत्रा, वारं गेलेला हात. निहारने ते वाचलं.

"चांगलं आहे. पण काका, याला शेवट नाही हो. आजारी माणसापाशी येऊन गोष्ट अडकून बसते."

बोलणं एवढंच झालं. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी जेवून कृष्णनाथ बसले आणि एका बैठकीत त्यांनी मास्तरांना मारून टाकलं. जत्रेचं शेवटचं नाटक, पहाटेची भैरवी, भात्यावरचा पाय थांबतो, मास्तर पेटीवर मान टेकवतात आणि पडदा पडल्यावरही ती उचलत नाहीत. लिहिताना त्यांचे स्वतःचे डोळे भरून आले. आयुष्यात इतकं चांगलं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. नाव बदलावं असं मनात आलं, बदलूनही पाहिलं. पण नाव बदललं की तो परिच्छेद लटका वाटायला लागे. खोट्याला टेकायला काहीतरी खरं लागत होतं. त्यांनी नाव तसंच ठेवलं, आधी 'कै.' लावून.

निहारने पान वाचलं आणि तो गंभीर झाला. "अरेरे. गेले काय मास्तर? कधी?"

काका खोटं लिहितील हे त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. तेव्हाच सांगायचं होतं. कृष्णनाथ नुसते "हूं" म्हणाले.

पेटी आठ दिवसांत गेली, तेजस्विनीबाई नावाच्या पुण्याच्या बाईंकडे. त्यानंतर दोन महिन्यांनी इब्रामपूरचं पत्र आलं आणि शब्दकोशात गेलं.

आणि आता दसऱ्यानंतर निहारने नवी कल्पना काढली होती. तेजस्विनीबाईंच्या बंगल्यावर संध्याकाळी पंचवीस-तीस निवडक माणसं जमवायची, पायपेटीची गोष्ट त्यांना ऐकवायची. "लेखकाच्या तोंडून," तो म्हणाला. "काका, तुम्ही फक्त वाचायचं. बाकी सिद्धी बघेल. मास्तरांची आठवणही होईल, त्यांच्याही आत्म्याला बरं वाटेल."

कृष्णनाथांनी मनाशी ठरवलं: भरभर वाचायचं आणि घरी यायचं.

बंगला डोंगरउतारावर होता. दिवस मावळत होता, दिवाणखान्याच्या काचांतून खालची भाताची शेतं दिसत होती. पेटी मधल्या भिंतीशी होती. पट्ट्यांवर धूळ बसू नये म्हणून वरून काच घातली होती. बाजूला चौकटीत त्यांचा मजकूर. आणि पेटीवर मास्तरांचा फोटो, मोठा केलेला. फोटोला चंदनाचा हार. पुढे समई.

कृष्णनाथांचे पाय तिथेच थांबले. फोटोचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यातले मास्तर हारातून त्यांच्याकडे बघत होते.

"कशी झाली मांडणी?" सिद्धी हळूच म्हणाली. "हार मी मुद्दाम म्हापशाहून आणला, आजोबा. प्लास्टिकचा बरा नाही दिसत."

निहारने दोन शब्द सांगितले आणि काकांना पुढे केलं. कृष्णनाथ वाचू लागले. आवाज सुरुवातीला कापत होता. लोकांना तो गहिवर वाटला. जत्रा आली, नाटकं आली, चाळीस वर्षं आली. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी रुमाल काढला. मग शेवटचा परिच्छेद आला. 'त्या पहाटे भैरवी संपली' इथपर्यंत त्यांनी वाचलं. पुढचा शब्द डोळ्यांना दिसत होता, ओठ मात्र हलेनात.

खोली वाट पाहत होती. कृष्णनाथ वळले, पेटीपाशी गेले आणि त्यांनी फोटोचा हार काढला. काढल्यावर तो कुठे ठेवायचा ते कळेना. शेवटी त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात कोंबला. अर्धा बाहेरच लोंबत राहिला.

"हे गृहस्थ जिवंत आहेत," ते म्हणाले. "निदान मागच्या वर्षी होते. त्यांचं पत्र आलं होतं मला. हे जे लिहिलंय, ते मी... ते तसं झालेलं नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच लिहिलं."

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळी खोली टाळ्या वाजवू लागली. "काय शेवट आहे!" एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले. "अंगावर काटा आला बुवा." "टाळ्या नकोत," कृष्णनाथ म्हणाले, पण ते इतक्या हळू, की त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

टाळ्या न वाजवणारी माणसं तिथे दोनच होती. निहार भिंतीला टेकून पांढराफटक पडला होता. आणि तेजस्विनीबाई उठून बाहेर गेल्या होत्या.

कृष्णनाथ त्यांच्यामागून ओट्यावर गेले. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं.

"दर गुरुवारी मी त्या पेटीपुढे दिवा लावते," तेजस्विनीबाई म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, इतकं शांतपणे बोलत होत्या. "माझे वडील गेले तेव्हा मी परदेशात होते. मला त्यांचं काही करता आलं नाही. तुमचं ते पान मी इतक्यांदा वाचलंय, की वडील असेच गेले असं मला वाटायला लागलं होतं. आता मी ते कुठे ठेवू?"

कृष्णनाथांना खिशातला हार टोचत होता.

"पत्रात काय होतं?" तेजस्विनीबाईंनी विचारलं.

कृष्णनाथांनी सांगितलं. पाठच होतं.

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"सप्रेम नमस्कार."

"पुढे?"

"पुढे नाही."

तेजस्विनीबाई त्यांच्याकडे वळल्या. "पत्र लिहा," त्या म्हणाल्या. "पेटी त्यांना हवी असेल तर टेम्पो मी पाठवते. पण माझं काही चांगलं लिहू नका. मी ती वाजवत नाही, वर काच घातलीय, हे लिहा."

घरी जाताना गाडीत डिचोली जवळ आल्यावर निहार म्हणाला, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं. गेले काय म्हणून. तुम्ही हूं म्हणालात."

"हूं," कृष्णनाथ म्हणाले.

"बघा, परत तेच!" निहारला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला. "मी ती पेटी विकताना गिऱ्हाइकासमोर डोळे पुसलेत हो! खरेखुरे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णनाथांनी शब्दकोश काढला. विमलाबाई भाकरी थापत होत्या. ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. बाईंचे हात थांबले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझंही कधी असं काही लिहून ठेवलंय का?"

"नाही हो."

"मग बसा तिथे मेजापाशी आणि लिहा. आणि वळणं घेऊ नका. तुम्हाला वळणं फार चांगली येतात, तिथेच घोटाळा होतो."

त्यांनी चार कागद फाडले. प्रत्येकात कुठे ना कुठे एक सुंदर वाक्य येत होतं. ते दिसलं की ते कागद फाडत. पाचवा असा होता:

'सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्राचं उत्तर दहा महिने दिलं नाही. विसरलो नव्हतो, लाज वाटत होती.

मी वादक नाही. मला एकच ओळ येते, ती तुम्हाला वाजवून दाखवली आणि येत नाही ते सांगितलं नाही. पेटी माझ्या घरी कधी आली नाही. ती पुतण्याच्या दुकानातून एका बाईंकडे गेली. त्या वाजवत नाहीत. पट्ट्यांवर काच घातली आहे.

याहून वाईट म्हणजे पेटी विकली जावी म्हणून मी तुम्ही वारल्याचं लिहिलं. ते छापलं गेलं, लोकांनी वाचलं, आणि काल तुमच्या फोटोला हार घातला गेला. तो मी काढला, पण घातला गेला तो माझ्यामुळेच.

त्या बाई पेटी परत द्यायला तयार आहेत. टेम्पो त्या पाठवतील. पेटी घेण्याआधी तुमच्या रीतीप्रमाणे सायलीने ती वाजवावी. तुम्ही बोलावलंत तर येईन. बोलावलं नाहीत तरी समजेन. कृष्णनाथ.'

वाचून पाहिलं तेव्हा त्यांना ते अगदी रुक्ष वाटलं, वाचनालयातल्या फलकावर लावायच्या सूचनेसारखं. त्यांनी ते तसंच पाकिटात घातलं.

डिचोलीच्या बाजारात नेहमीची गर्दी होती. पोस्टाच्या पेटीपाशी पोचल्यावर त्यांना वाटलं, इब्रामपूर कितीसं लांब. स्वतःच नेऊन द्यावं. लगेच हेही कळलं की बसमध्ये बसलो तर कुठेतरी मध्येच उतरू आणि पत्र पुन्हा शब्दकोशात जाईल. त्यांनी पत्ता एकदा तपासला. नाव तपासलं. 'श्री. अनंत' असं लिहिलं होतं. 'श्री.' वर शाई जरा जास्त सांडली होती, पण वाचता येत होतं.

मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं. "आजोबा, टाकतलात मगो?"

"हो, हो," कृष्णनाथ म्हणाले, आणि त्यांनी पाकीट सोडून दिलं.